बाखलीतलं तिसरं घर

चौकट काढायला त्यांनी पनरामलाच बोलावलं होतं. दुसरं कुणाला बोलावणार? दगड न फोडता भिंतीतून लाकूड सोडवणारा आमच्या भागात तो एकच मिस्त्री उरला आहे. बाकीचे सगळे खाली रस्त्याकडेला सिमेंटचे खांब उभे करतात.

तलावाकाठच्या कुठल्याशा हॉटेलचा माणूस आला होता. बरोबर चार खेचरं आणि गुंडाळायला जुनी कांबळी. भुवन बिश्टनं दिल्लीहून फोनवरच सौदा केला होता. दाराची कोरीव चौकट, तिच्यावरचा गणपती आणि दोन खिडक्या हॉटेलला. घर मागं राहिलं तर राहू दे. तसंही ते दोन-चार पावसाळ्यांत खाली बसणारच होतं.

मी माझ्या दारात ऊन खात बसलो होतो. आमची बाखली म्हणजे पाच घरांची ओळ. एकाला एक चिकटून, सगळ्यांवर मिळून एकच दगडी छप्पर आणि पुढं एकच लांब अंगण. पहिलं घर माझं. म्हणजे शाळेत मास्तर असताना भाड्यानं घेतलेलं, आणि निवृत्त झाल्यावर कुणी जा म्हणालं नाही म्हणून राहिलेलं. दुसऱ्याला आणि पाचव्याला कुलूप. चौथ्यात हंसा बिश्ट आणि तिची म्हैस. तिसरं हे, भुवनचं.

पनरामनं पहार भिंतीला टेकवली आणि चौकटीवरून हात फिरवला. भुवनच्या वडिलांनी हौसेनं तिला हिरवा ऑइलपेंट फासला होता. त्याच्या पापुद्र्याखाली कोरीव काम आहे की नुसत्या गाठी, ते माहीत असल्याशिवाय कळलं नसतं.

"मिस्त्री, उन्हं उतरायच्या आत खाली पोचायचंय," हॉटेलवाला म्हणाला.

"पोचाल."

"मग लाग की कामाला."

पनराम पायरीखाली अंगणात बसला. विडी काढली, पण पेटवली नाही. "चौकट निघणार नाही."

"का? तू काढतोस असं सगळे म्हणतात."

"निघते. पण मी काढणार नाही. माझ्या आजानं कोरलीय ही. जसरामनं. दोन हिवाळे या अंगणात बसला होता."

"मग तर बरंच झालं. कुठं खुंट्या मारल्यात ते तुला ठाऊक असेल."

पनरामला हसू आलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. खुंट्या कुठं आहेत ते त्याला खरंच ठाऊक होतं.

हंसा हातात विळा घेऊन गोठ्यातून बाहेर आली. साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार, पण आवाज खणखणीत. "पनुवा, नखरे कसले करतोस? काम घेतलंस ना?"

"घेतलं होतं, गुसैंणी. आता सोडलं."

आमच्याकडे शिल्पकार, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या कारागीर जातीचा माणूस, ठाकुरांच्या बायकांना गुसैंणी म्हणतो, मालकीण म्हणावं तसं. वयाचा संबंध नाही. पनराम अठ्ठावन्नचा होता, तरी तिच्या तोंडी पनुवाच.

तो उठून माझ्याकडे आला. "मासाब, जरा भुवन गुसैंना फोन लावून द्या."

फोन कानापासून वीतभर लांब धरून तो ओरडून बोलायचा, त्यामुळं सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "चौकट विकू नका गुसैं. घर विका. सगळंच्या सगळं. मला."

पलीकडून भुवन म्हणाला, "तू काय करणार त्याचं?"

"राहणार."

हंसानं विळा खाली ठेवला. हॉटेलवाल्याची खेचरं रिकामी गेली, ती जाता जाता तिच्या कोबीला तोंड लावून गेली, आणि त्याचाही दोष तिनं पनरामलाच दिला.

*

इथली रीत सांगितली पाहिजे. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. इतकी वर्षं पाहूनही मी त्याबद्दल कधी कुणाशी बोललेलो नाही. आमच्या डोंगरातली सगळी घरं शिल्पकारांनी बांधली. दगड त्यांनी घडवला, लाकूड त्यांनी कोरलं, छप्पर त्यांनी घातलं. काम पुरं झालं की मालक मिस्त्रीला अंगणात बसवतो, टिळा लावतो, पागोटं बांधतो, गूळ-तांदूळ देतो. मग भटजी येऊन घर शुद्ध करतो. त्या दिवसापासून मिस्त्री ती पायरी चढत नाही. पुढं कधी आला तर अंगणात उभा राहतो.

जसराम तसाच उभा राहिला. त्याचा मुलगाही. पनरामनं चाळीसेक घरं बांधली, दुरुस्त केली. माझंही छप्पर दोनदा. दोन्ही वेळा मी त्याला चहा दिला, बाहेरच्या कोनाड्यातल्या वेगळ्या ग्लासात. तो ग्लास मी ठेवलेला नव्हता, माझ्या आधीच्या भाडेकरूनं ठेवला होता. पण मी तो आत नेला नाही, हेही खरं.

खरेदीखताला साक्षीदार म्हणून मला नेलं होतं. परतीच्या वाटेवर पनरामची बायको खष्टी आमच्या पुढं पन्नास पावलं चालत राहिली. या नवरा-बायकोनं रस्त्याकडेला दोन खोल्यांपुरती जागा पाहून ठेवली होती. मुलगा काशीपूरच्या कारखान्यात होता, त्यानंही हातभार लावला होता. ते सगळे पैसे या घरात गेले, आणि ती जागा गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी ती घर बघायला वर आली. कमरेला ओढणी आवळून आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला.

"अहो! हे घर आहे का घुबडांचं बाळंतघर?"

"झाडलं की होईल," पनराम खालून म्हणाला.

"काय झाडू? मागचं छप्पर जमिनीवर आहे. भिंतीत अंजिराचं झाड आहे. झाडाला अंजिरं आहेत!"

"गोड आहेत का बघ."

ती बाहेर आली. हातात खरंच दोन अंजिरं होती. एक तिनं त्याच्या अंगावर फेकलं, एक स्वतः खाल्लं.

"सगळी दुनिया रस्त्याकडे उतरते, आणि तुम्ही वर चढलात," ती म्हणाली. "रस्त्यावर नळ होता दारात. इथं पाणी आणायला अर्धा कोस खाली झऱ्याच्या धाऱ्यावर. ते असू दे. पाण्याची मला सवय आहे. पण ऐका. एक हिवाळा मी राहीन. या अंगणात कुणी माझ्याशी माणसासारखं बोललं, चूल विझली तर कुणी विस्तव दिला, दुखलंखुपलं तर कुणी दार वाजवलं, तर राहीन. नाहीतर माघ संपला की मी खाली आपल्या वस्तीत. तुम्ही बसा ती चौकट उराशी धरून."

पनराम अंजीर चघळत राहिला. मग म्हणाला, "माघापर्यंत बरेच दिवस आहेत."

"आधी छप्पर तर घाला. पौषात कुणी नव्या घरात जात नाही. मार्गशीर्ष संपायच्या आत चूल पेटली पाहिजे."

*

कार्तिक लागला तशी कामाला सुरुवात झाली. आभाळ रोज धुतल्यासारखं, समोर बर्फाची शिखरं, आणि सकाळी अंगणातल्या दगडांवर दहिवर. दोघं उजाडता उजाडता वर यायची. तो टिकाव, पहार आणि ओळंबा घेऊन, ती डोक्यावर डबा आणि पाठीवर डोको, बांबूची खोल टोपली.

आधी ढिगारा काढला. पडक्या छपराचे पाथर, म्हणजे हात-दीड हात रुंद दगडी पाट्या, एकेक उचलून, बोटाच्या गाठीनं वाजवून बघायच्या. खणखणीत वाजली ती उजवीकडे, बद्द वाजली ती डावीकडे. डावीकडचा ढीग मोठा होत गेला. या पाट्यांची खाण आता बंद आहे. पनरामनं आजूबाजूच्या तीन ओसाड गावांतून, मालकांना फोन लावून विचारून विचारून, पडक्या घरांच्या पाट्या जमवल्या. त्या दोघांनी पाठीवर आणल्या. एका खेपेला चार. पाचवी घेतली की खष्टीचे गुडघे चढावर थरथरायचे, म्हणून ती चारच घ्यायची आणि तो सहा. त्याच्या पाठीवर दोरीचे वळ उठले होते. दुपारी अंगरखा काढून तो उन्हात पालथा पडायचा, ती त्यावर मोहरीचं तेल चोळायची आणि बोलत राहायची.

"जसरामनं चौकट कोरली. छप्पर कुणी घातलं?"

"माझ्या बापानं. दुसऱ्यांदा."

"म्हणजे तुमच्या सगळ्या खानदानाला या घरानं धुऊन खाल्लंय. आता मलाही."

"हळू चोळ."

"हळूच चोळतेय. हाड लागतंय ते."

अंजिराचं झाड मुळासकट काढायला त्याला पाच दिवस लागले. मुळं दगडांच्या फटीफटीतून भिंत कवटाळून बसली होती. भिंत छातीपर्यंत उतरवावी लागली. पनरामनं प्रत्येक दगडावर कोळशानं खूण केली, अंगणात त्याच क्रमानं मांडला आणि पुन्हा त्याच जागी बसवला. माती भिजवून, तिच्यात भाताचा पेंढा आणि उडदाचं पाणी घालून खष्टी पायांनी तुडवायची. थंडीनं तिचे पाय निळे पडायचे. ती मध्येच बाहेर येऊन तापलेल्या दगडावर उभी राहायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "मासाब, पुस्तकात लिहिलंय का कुठं, की म्हातारपणी बायकोला चिखलात नाचवावं?"

मी उत्तर जुळवेपर्यंत ती परत चिखलात गेलेली असायची.

चौकटीचं काम पनराम दुपारी, उजेड तिरपा यायचा तेव्हा करायचा. पत्र्याचं पातं त्यानं वापरलं नाही. फुटलेल्या बाटलीचा तुकडा घेऊन तो एकेक इंच रंग खरवडायचा. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली काळपट तेल, आणि त्याखाली तुणीचं तांबूस लाकूड. वेल निघाली. वेलीवर कमळाच्या कळ्या. मग दोन बाजूंना दोन पोपट. उजव्या पोपटाला डोळा होता, डाव्याला नव्हता. चोचीवर नुसती सपाट जागा.

"राहून गेला असेल," मी म्हणालो.

"आजाचं काही राहून जायचं नाही, मासाब. त्याला उठवला असेल. मुहूर्त आला असेल, मालक म्हणाला असेल पुरे."

"मग तू कोर. तुझ्याकडे हत्यारं आहेत."

त्यानं अंगठ्यानं ती सपाट जागा चाचपून पाहिली. "नको. आजाला पुरा झालेला नाही दिसला, तर मला कशाला दिसायला हवा?" असं म्हणून तो पुन्हा खरवडायला लागला. संध्याकाळी जवसाचं तेल चोळलं तेव्हा सगळी चौकट ओल्या मातीसारखी गडद झाली. खष्टीनं दोन पावलं मागं होऊन पाहिलं. मग म्हणाली, "बरी आहे."

हंसा हे सगळं बघत होती. बोलत नव्हती. म्हणजे म्हशीशी बोलायची, मोठ्यानं. "बघ गं, तुझ्या शेजारी आता कोण कोण येणार!" म्हैस रवंथ करायची.

*

अडलं ते आढ्याशी. छपराचं मुख्य आढं, अखंड देवदाराचं, तिसऱ्या घरातून सरळ पुढं हंसाच्या भिंतीवर टेकलं होतं. पनरामच्या बाजूनं ते कुजून भुसा झालं होतं. बदलायचं तर सामाईक भिंतीवरच्या हंसाच्या बाजूच्या पाट्या दीड हात उचलाव्या लागणार. बाखलीत कुणाचंच छप्पर एकट्याचं नसतं.

पनराम अंगणात तिच्या दारासमोर उभा राहिला. टोपी हातात.

"गुसैंणी, एक दिवसाचं काम आहे. सकाळी उचलतो, सांजेला झाकतो."

"माझी म्हैस गाभण आहे. वरून धूळ पडली तर?"

"ताडपत्री बांधतो खाली."

"ताडपत्रीचा आवाज होतो. बिचकते ती."

"मग ती व्याल्यावर?"

"व्याल्यावर तर रेडकू असेल."

"मग केव्हा, गुसैंणी?"

"बघू," हंसा म्हणाली, आणि आत गेली.

आठ दिवस 'बघू'त गेले. पनरामनं आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तिनं दारच उघडलं नाही. आत होती, म्हशीचं आंबोण ढवळल्याचा आवाज येत होता. पनराम टोपी घालून परत आला आणि दिवसभर, गरज नसताना, एकच दगड घडवत बसला. छिन्नीचा आवाज मला माझ्या पुस्तकावर ऐकू येत होता. मी हंसाला दोन शब्द सांगायला हवे होते. अंगणात दोनदा गेलोही. एकदा तिनं विचारलं, "काय मासाब?" तर मी म्हणालो, "काही नाही, ऊन चांगलं पडलंय."

मार्गशीर्ष अर्धा झाला. खष्टीनं नवऱ्याला विचारलं, "काय म्हणते?"

"बघू म्हणते."

"तुम्ही विचारताच चुकीचं."

"मग बरोबर कसं विचारायचं?"

"विचारायचंच नाही."

हंसाचा गवताचा उतार बाखलीच्या वरच्या अंगाला आहे. सगळ्या गावातल्या बायकांनी गवत कापून झाडांवर रचलंही होतं. हंसाचं तसंच उभं होतं, वाळून पिवळं पडलेलं. गुडघ्यांमुळं तिला तो चढ चढवत नव्हता आणि कुणाला सांगवतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे खष्टी विळा घेऊन वर गेली. दुपारपर्यंत अर्धा उतार मोकळा झाला होता. ती पेंढ्या बांधून खाली आणायची आणि हंसाच्या गोठ्याशी नाही, तर अंगणाच्या कडेला, थोड्या लांबच ठेवायची.

हंसा दारात आली. "तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही, दीदी. वाळून चाललं होतं. जनावराच्या तोंडचं."

"दीदी कुणाला म्हणतेस?"

"मग काय म्हणू? मोठ्या आहात."

हंसानं एक पेंढी उचलून हुंगली. "बुडाशी कापत नाहीस. चार बोटं वर सोडतेस."

"उद्या बुडाशी कापते."

"उद्या कशाला, आजच काप. अजून ऊन आहे."

तीन दिवस खष्टीनं गवत कापलं. तिच्या मनगटावर गवतानं चिरा पडल्या. चौथ्या दिवशी सकाळी हंसानं पनरामला हाक मारली. त्याच्याकडे न बघता, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या बाजूच्या किती उचलणार?"

"बावीस."

"बावीस मोजून उचल, बावीस मोजून ठेव. सांजेच्या आत."

त्या दिवशी खालच्या वस्तीतून सहा माणसं आली. आढं उचलायला दोरखंड, बल्ल्या, आणि भरपूर शिव्या. हंसा दिवसभर अंगणात बसून पाट्या मोजत होती. म्हैस तिनं मुद्दाम बाहेर बांधली होती. नवं आढं भिंतीवर बसलं तेव्हा माणसांनी आरोळी ठोकली, म्हैस बिचकली, आणि हंसानं सगळ्यांच्या आया काढल्या. कुणी मनावर घेतलं नाही.

सांजेला शेवटची पाटी बसवताना एक तडकली. पनरामनं आपल्या ढिगातली निवडून आणली.

"ही माझी नाही," हंसा खालून म्हणाली.

"तुमच्यापेक्षा चांगली आहे, गुसैंणी. वाजवून बघा."

"चांगली असेल. माझी नाही."

"मग तुमची तडकलेली लावू?"

"लाव तीच. तुझीच. पण लक्षात राहू दे, एक तुझी माझ्यावर आहे."

*

मार्गशीर्षाच्या शेवटच्या आठवड्यात घर झालं. जमीन शेणामातीनं सारवली, भिंतींना पांढरी माती. खष्टीनं उंबऱ्यावर गेरू लावून तांदळाच्या पिठानं रेघा काढल्या. खाली गोठा, मध्ये जिना, वर पुढं बसायची खोली, मागं स्वयंपाकाची. पूजेला वस्तीतलेच जाणते आले. अंगणात पुऱ्या तळल्या, मुलगा काशीपूरहून मिठाई घेऊन आला. मीही गेलो, पुरी खाल्ली. हंसा सकाळपासून माहेरच्या गावी गेली होती. ऐन त्या दिवशी.

खष्टीनं ते पाहिलं होतं. मला वाढताना ती म्हणाली, "मासाब, गवत मी छपरासाठी कापलं. छप्पर झालं, हिशेब फिटला. शेजाराचं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. मी चष्मा पुसत बसलो होतो, तेवढ्यात हंसा पाण्यानं भरलेली गगरी कमरेवर घेऊन धाऱ्यावरून वर येताना दिसली. ती अंगणात पाय टाकते न टाकते तोच थबकली. तिसऱ्या घराच्या दारातून, खिडक्यांतून, भिंत आणि छपराच्या फटीतून धूर येत होता. थोडाथोडका नाही, दाट, पिवळा.

"आग!" हंसा ओरडली. "अरे मेलात का सगळे! आग!"

गुडघे दुखणारी बाई कोरीव चौकटीतून आत शिरली, गगरीसकट जिना चढली. मीही मागोमाग धावलो. धावलो म्हणजे मला जमलं तसा. वर काही दिसत नव्हतं. खष्टीच्या खोकल्याचा आवाज येत होता, पनराम खिडकीची कडी उघडायला धडपडत होता. हंसा सरळ मागच्या खोलीत गेली आणि गगरीतलं अर्धं पाणी चुलीवर ओतलं. फस्सकन आवाज झाला, राख उडाली.

धूर विरळ झाला तेव्हा चौघंही डोळे चोळत उभे होतो. जळालेलं काहीच नव्हतं. चुलीत तीन लाकडं आणि त्यांच्यावर एक भिजलेली रोटी.

हंसानं वर पाहिलं. मग आम्हीही पाहिलं. छप्पर एखाद्या पेटीच्या झाकणासारखं घट्ट होतं. एक किरणही आत येत नव्हता.

"पनुवा," हंसा म्हणाली, "धूर कुठून जाणार?"

पनराम वर बघत राहिला. त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"चाळीस घरं बांधलीस ना तू?"

"हो."

"त्या चाळीसांत धूर कुठून जातो?"

"भोक ठेवतो की. एक पाटी उचलून, खाली दगड देऊन." तो अडखळला. "पण ते शेवटी करतो. घरातल्या बायका ठरवतात चूल कुठं ते. मग मालक अंगणात येऊन सांगतो, मिस्त्री, इतक्या हातांवर भोक ठेव. मालकानं सांगितल्याशिवाय कसं ठेवायचं?"

"मग सांगितलं नाही मालकानं?"

"नाही."

खष्टी कपाळावरची काजळी पदरानं पुसत होती. ती म्हणाली, "अहो, मालक कोण?"

पनराम चुलीशेजारी, ओल्या राखेतच, खाली बसला. आधी मला वाटलं त्याला काही होतंय. त्याचे खांदे हलत होते. मग कळलं, तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं की हसण्याचं, कोण जाणे. "मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "आठवडाभर. मनात म्हणत होतो, अजून कुणी सांगायला कसं आलं नाही!"

खष्टीलाही हसू फुटलं. आणि मग हंसाला. हंसाला मी तीस वर्षांत म्हशीशिवाय कुणासमोर हसताना पाहिलेलं नव्हतं. ती भिंतीला हात टेकून हसत होती. हसणं ओसरल्यावर आपण कुठं उभ्या आहोत हे तिला कळलं असावं. तिनं इकडं तिकडं पाहिलं. पण दाराकडे वळली नाही. उलट चुलीकडे बोट दाखवलं.

"आणि चूल इथं कुणी मांडली?"

"मी," खष्टी म्हणाली. "उजेड आहे म्हणून."

"या भिंतीपलीकडे कोण आहे? कुलूप. उंदरांना ऊब देतेस? भुवनच्या आईची चूल तिकडे होती, माझ्या भिंतीला. थंडीत माझी भिंत दुपारपर्यंत कोमट असायची. मी तिला पाठ लावून तांदूळ निवडायची." ती थांबली. "बारा वर्षं झाली. बर्फासारखी असते आता."

पनराम उठला. त्यानं त्या भिंतीला हात लावून पाहिला, मग वर नजर टाकली. "तिथं भोक ठेवायचं तर पुन्हा तुमच्या बाजूच्या पाट्या उचलाव्या लागतील, गुसैंणी."

"किती?"

"पाच."

"मग उचल."

"म्हैस?"

"म्हशीचं तू मला नको सांगू."

खष्टीनं चुलीतली ओली लाकडं बाजूला केली. खिडकीखाली तीन दगड मांडले, कोरड्या ढलप्या घातल्या आणि विस्तव केला. धूर खिडकीतून जायला लागला. तिनं चहाचं पातेलं घेतलं आणि थांबली. तिच्या कळशीत पाणी होतं. तिनं कळशीकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं, आणि पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. मी उगाच चष्मा काढला.

हंसानं आपली अर्धी गगरी पायानं पुढं सरकवली.

"ह्यातलं घे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आणलंय तर वाया कशाला घालवायचं? पाणी माझंच आहे."

खष्टीनं वाकून गगरीतलं पाणी पातेल्यात घेतलं. चहा झाला. दूध नव्हतं. प्रत्येकाच्या तळहातावर तिनं गुळाचा खडा ठेवला. हंसानं खडा दाढेखाली धरला, ग्लास पदरात पकडला, आणि सामाईक भिंतीला पाठ लावून बसून चहा प्याली. शेवटचा घोट उरला तेव्हा म्हणाली, "पत्ती कमी घालतेस तू."

"उद्या जास्त घालते, दीदी."

हंसानं ग्लास खाली ठेवला आणि गगरी उचलून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी पनराम छपरावर चढून पाट्या मोजून उचलत होता, खष्टी सामाईक भिंतीशी नवी चूल लिंपत होती. मी अंगणात होतो. साधारण कालच्या चहाची वेळ. हंसा घरातून बाहेर आली, म्हशीपुढं गवत टाकलं, हात लुगड्याला पुसले आणि गगरी दारातच ठेवून तिसऱ्या घराचा जिना चढली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.